खालचं फोल्डर वरच्या लॅपटॉपवर का दिसत नाही?

प्रश्न : प्रतापनगरला आमचं दुमजली घर आहे. खालच्या विंडोज १० कॉम्प्युटरवर फोटो आणि भाडेकरूंचा हिशेब असलेलं फोल्डर शेअर केलं आहे. वर रेंज येत नव्हती म्हणून दुसरा राउटर बसवला. आता वरच्या विंडोज ११ लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’मध्ये खालचा कॉम्प्युटर दिसतच नाही. पत्ता टाइप केला तर पासवर्ड मागतो आणि पिन घेत नाही.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पत्ता टाकल्यावर पासवर्ड विचारतो, म्हणजे शेअरिंग सुरू आहे. तुमच्या इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत.

पहिली राउटरची. दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. खाली १९२.१६८.१.५ आणि वर १९२.१६८.०.७ असं काही निघालं, तर खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायच्या खाचेत) आहे आणि घरात दोन नेटवर्कं झाली आहेत. वरून खाली पत्त्याने जाता येतं, पण कॉम्प्युटरचं नाव शोधणारा पुकारा राउटर ओलांडत नाही. वरच्या राउटरला आधी खालच्याच मालिकेतला, कुणी न वापरलेला पत्ता द्या (उदा. १९२.१६८.१.२५०), त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, मग केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली मशीन जोडायच्या खाचेत) लावा. क्रम उलटा केला तर घरातले फोनही गोंधळतात.

राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते बहुधा ‘पब्लिक’ धरलं जातं. दोन्हीकडे वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रायव्हेट’ निवडा, ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ सुरू करा. तरी नाव दिसेना, तर खालच्या मशीनवर सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. इंटरनेटवर ‘एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा’ असा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

दुसरी भानगड पिनची. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. रिकामा पासवर्डही चालत नाही. सोपं म्हणजे खालच्या कॉम्प्युटरवर ‘घर’ नावाचं वेगळं लोकल खातं पासवर्डसह उघडा. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ दोन्ही टॅबमध्ये त्याला परवानगी द्या. दोन्हींत जी कडक, तीच लागू होते. हिशेबाला ‘रीड’ पुरे. नाहीतर वरून कुणीतरी चुकून डिलीट करेल, आणि नेटवर्कवरून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

लॅपटॉपवर फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच कॉम्प्युटरचं नाव लिहा. युजरनेमच्या जागी कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, ‘घर’. आधी चुकीचा पासवर्ड साठवला असेल, तर तो ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून काढा. फोल्डर उघडलं की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्याला झेड हे अक्षर देऊन टाका.

लाइट जाऊन आली की आयपी पत्ता बदलू शकतो, म्हणून नावानेच जोडा. आणि खालचं मशीन स्लीपमध्ये गेलं असेल, तर वरच्या लॅपटॉपमध्ये दोष शोधत बसू नका.