ब्लॉगची थीम बदलली तर जुन्या पोस्ट उडतात का?

नाही उडत, बिनधास्त बदला. पोस्ट, फोटो सगळं वेगळं सेव्ह असतं, थीम म्हणजे नुसती वरची चादर, आणि चादर बदलली म्हणून गादी बदलत नाही एवढं आम्हा सोलापूरकरांना तरी कळतं! फक्त गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर असाल तर थीमच्या मेनूत बॅकअप आहे, ती एक्सएमएल फाइल आधी उतरवून घ्या. मी घेतली नव्हती, गड्ड्याच्या जत्रेचे फोटो टाकायच्या घाईत थीम बदलली आणि जुन्या थीममध्ये हातानं केलेले सगळे बदल गेले, बसलो बोंबलत. वर्डप्रेसला लाइव्ह प्रिव्ह्यू आहे, म्हणजे थीम लावायच्या आधी बघता येते, पण तिथं वेगळं लिहिलेलं सीएसएस (रंग, अक्षरं कशी दिसावीत ते सांगणारा कोड) त्या त्या थीमपुरतंच असतं, जुनी परत लावली की परत दिसतं.

खरी गोची मराठीची. थीमचा डेमो इंग्रजीत असतो म्हणून छान दिसतो, त्यात आपली पोस्ट टाकली की कळतं. काही थीममध्ये लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं असतं, त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो, ते शून्य करा. लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, 1.7 च्या आसपास ठेवा नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, फुकट आहेत.

आणि लॅपटॉपवर बघून खूश होऊ नका, मे महिन्यात दुपारी नव्या पेठेत उभं राहून मोबाइलवर उघडून बघा, फिकट राखाडी अक्षरं वाचता येतायत का ते.