वर्गणी काढा, पण आधी आरोग्यमित्राला गाठा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे यजमान बांधकामावर परांचीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, पुण्यातल्या खासगी रुग्णालयाने पावणेदोन लाखांचं एस्टिमेट दिलंय, ऑपरेशन सोमवारी आहे, रेशनकार्ड गावाकडचं आहे आणि सोसायटीत वर्गणी सुरू झालीय. आणखी कुठून मदत मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काढली, त्यामुळे आधी हेच सांगते की मदत मिळण्याच्या बहुतेक जागा ऑपरेशनच्या आधी उघड्या असतात. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन गेलात की सगळे हळहळतात, पण कुणाला काही करता येत नाही.

पहिली जागा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे, तीत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारखर्चाचं संरक्षण आहे आणि १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्याच रेशनकार्डधारकांना लागू आहे. पिवळं, केशरी तर आहेच, पांढरं कार्डही चालतं. कार्ड गावाकडचं आणि रुग्ण पुण्यात, याने काही अडत नाही. रुग्णालय योजनेत आहे का, हे योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ वर विचारा. असेल तर तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं. रिसेप्शनवर ‘योजना आहे का हो?’ असं विचारू नका, नुसती मान हलवतात. ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ असं विचारा.

योजना पूर्वमंजुरीवर चालते. रुग्णालय कागद आणि एक्स-रे ऑनलाइन पाठवतं, मंजुरी आली की ऑपरेशन होतं आणि पैसे परस्पर रुग्णालयाला जातात. तुम्ही भरलेलं बिल योजनेतून परत मिळत नाही. म्हणून सोमवारच्या आत जा म्हणतेय. ‘हे योजनेत बसत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं तर लेखी मागा आणि त्यांच्यासमोरच १५५३८८ लावा. कधी खरंच बसत नसतं, काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. पण कधी फोन लावल्यावर बसायला लागतं.

आता कागद. सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात आणि मावशींना सोबत लागणार आहे तीही इथेच. रेशनकार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. एकावर ‘दत्ता’ आणि दुसऱ्यावर ‘दत्तात्रय’, एकावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आडनाव, जन्मसालात पाच वर्षांचा फरक, असे घोळ घरोघरी असतात. कार्ड ऑनलाइन चढलेलं आहे का, त्याला बारा आकडी क्रमांक आहे का, तेही बघा. जुनी कार्डं घडीवर फाटलेली असतात आणि नेमका नावाचाच भाग गेलेला असतो. गावाकडे कुणी असेल तर त्याला आजच रेशन दुकानदाराकडे आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवा.

आणि बरोबर जा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन मावशी एकट्या उभ्या राहिल्या तर त्यांना ‘उद्या या’ ऐकायला मिळेल, आणि त्या खरंच उद्या येतील, दोन घरची कामं बुडवून. शेजारी तुम्ही वही-पेन घेऊन, समोरच्याचं नाव लिहून घेत उभ्या असलात की तोच माणूस खुर्ची पुढे करतो. हे वाईट आहे, पण काउंटरवर ते चालतं, तेव्हा वापरा.

दुसरी जागा धर्मादाय रुग्णालयांची. पुण्या-मुंबईतली कितीतरी मोठी, चकाचक रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यास आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेल्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते, म्हणजे रुग्णालय उपकार करत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून ठेवता येत नाही. इथे वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. ‘खाटा भरल्यात’ हे वाक्य ऐकू येईलच. तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा, तिथे रुग्णालयनिहाय खाटांची माहिती असते आणि तक्रारही घेतात.

रुग्णालय दोन्हींत नसेल तर सरकारी रुग्णालयात हलवायचा विचार करा, पण डॉक्टरांना विचारूनच. खुब्याचं हाड फार दिवस तसंच ठेवणंही बरं नाही. ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, औंध त्यात येतं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे थोडं शुल्क लागतं, पण फुले योजना तिथेही आहे. गर्दी आहे, रांग आहे, मान्य. हाडाचे डॉक्टर मात्र तिथे रोज अशीच ऑपरेशनं करतात.

मुख्यमंत्री सहायता निधी हा यानंतरचा मार्ग. तोही पैसे थेट रुग्णालयाला देतो आणि भरलेल्या बिलाचा परतावा देत नाही, तेव्हा अर्ज उपचार चालू असतानाच जायला हवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते कामावर पडलेत. मग केस पेपरवर काय लिहिलंय? दाखल करताना मुकादम सोबत असला की हमखास ‘घरी पाय घसरून पडले’ असं लिहिलं जातं. आजच वाचून बघा आणि चुकीचं असेल तर डॉक्टरांना सांगून खरी हकीकत नोंदवायला लावा. कामावरच्या अपघाताची भरपाई देणं कायद्याने मालकावर येतं, मजूर ठेकेदाराचा असला तरी. मुकादमाने दहा हजार हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर देऊ नका. मावशींच्या यजमानांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर आहे का, हेही विचारा. कामगारांना बहुतेकदा माहीत नसतं, पण पत्र्याच्या पेटीत मंडळाचं ओळखपत्र सापडतं.

वर्गणीचे पैसे एकदम बिलात ओतू नका. पुढचे दोन-तीन महिने घरात एक मजुरी कमी असेल, खोलीचं भाडं, रिक्षा, फिजिओथेरपी हे सहसा योजनेत बसत नाही. वॉकर आणि कमोडची खुर्ची विकत घेऊ नका, रुग्णसाहित्य केंद्रं अनामत ठेवून नाममात्र भाड्याने देतात.

उत्पन्नाचा दाखला नसेल तर अर्ज उद्याच टाका. सरकारी कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात, आणि तलाठी शुक्रवारी दुपारनंतर भेटेल याची खात्री नाही.