एका ई-पुस्तकाचे दोन क्रमांक

प्रश्न : नाशिकच्या पंचवटीत आम्ही छोटे वाचनालय चालवतो. ई-पुस्तकांची नोंद करताना एकाच कादंबरीला ९७८ने सुरू होणारा १३ अंकी क्रमांक आणि ‘बी०’ने सुरू होणारा १० चिन्हांचा संकेतांक, असे दोन्ही आढळतात. नोंदवहीत कोणता लिहावा?

उत्तर : दोन्ही लिहावेत, पण वेगवेगळ्या रकान्यांत. १३ अंकी क्रमांक म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाच्या आवृत्तीला दिला जाणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तो जगभर ग्राह्य असून ९७८नंतर ८१ किंवा ९३ आल्यास तो भारतात दिला गेला आहे, असे समजावे. ‘बी०’चा संकेतांक हा अ‍ॅमेझॉनने स्वतःच्या विक्रीसाठी दिलेला एएसआयएन असतो, किंडल आवृत्तीला, म्हणजे त्याच कंपनीच्या ई-पुस्तकाला, आयएसबीएन सक्तीचा नसल्याने कधी कधी एएसआयएन एकटाच सापडतो. मात्र छापील प्रतीचा आयएसबीएन ई-आवृत्तीपुढे कृपया लिहू नये. ही चूक फार होते आणि पुढे वाचकाला भलतीच प्रत मिळते. ईपब आणि पीडीएफ हे ई-पुस्तकाचे फाइल-प्रकार वेगवेगळे विकले जात असतील, तर त्यांनाही आपापला क्रमांक लागतो. क्रमांक उतरवताना शंका आलीच, तर १३ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी. तिला १०ने निःशेष भाग गेला नाही, तर कुठेतरी अंक चुकला आहे हे नक्की.