आधी सिनेमा, मग गाणं

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल मध्यरात्री तू पाठवलेली लिंक सकाळी पाहिली. ‘काका, हे ऐकलंय का?’ एवढंच लिहिलं होतंस. ‘चुप तुम रहो, चुप हम रहें’ सुरू झालं आणि माझा चहा तसाच निवला. हे गाणं माझ्याकडे कॅसेटवर आहे. मेन रोडवरच्या एका दुकानात नुसतं नाव वाचून ती घेतली होती, ‘इस रात की सुबह नहीं’. सिनेमा तेव्हा मीही पाहिला नव्हता, आणि पुढे कित्येक महिने नुसती गाणीच ऐकत राहिलो. ती चूक तू करू नकोस.

सिनेमा शोध आणि रात्रीच बघ. जेवणं उरकली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत. कारण गोष्टही एकाच रात्रीची आहे. सुधीर मिश्रांनी १९९६ साली केलेला हा सिनेमा. एकही मोठा स्टार नाही. निर्मल पांडे जाहिरातीच्या धंद्यातला, लग्न झालेला माणूस. बायकोला त्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईचा पत्ता लागलेला. त्याच रात्री तो एका डॉनच्या कानाखाली वाजवतो. डॉन आहे आशीष विद्यार्थी. त्याचा चेहरा नीट बघ. ती थप्पड त्याला गिळता येत नाही, कारण त्याची माणसं आधीच फुटायला लागली आहेत आणि सौरभ शुक्ला त्याच्या मुळावर उठलाय. गिळली, तर जरब संपली. मग रात्रभर शहरात पाठलाग. दोन वर्षांनी ‘सत्या’ आला, त्याच्या लिखाणातही सौरभ शुक्ला होते. ‘सत्या’ तुमच्या पिढीलाही पाठ आहे, हा मात्र राहून गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

आता गाण्याकडे येऊ. संगीत एम. एम. क्रीम यांचं, शब्द निदा फाजलींचे. क्रीम म्हणजेच कीरवानी, २०२३ साली ज्यांना ऑस्कर मिळालं ते. गुंडांच्या सिनेमात इतकी हळवी चाल कशी, असा प्रश्न तुला पडेल. मलाही पडला होता. सिनेमा पाहिल्यावर कळलं की सगळा अनर्थ गप्प बसण्यातून सुरू होतो. नवऱ्याने बायकोपासून एक गोष्ट लपवली, तिथून. गोळ्या नंतर सुटतात. ‘तू गप्प राहा, मीही राहतो’ हे शब्द आधी ऐकले होते तेव्हा मला नुसतं प्रेम ऐकू आलं होतं. त्या घरात काय चाललंय हे पाहिल्यावर त्याच ओळीने पोटात गोळा आला. चाल तीच, कॅसेट तीच.

हे सगळं तुझ्या शॉर्ट फिल्मसाठी सांगतोय. परवा तू दाखवलेला कट मी घरी तीनदा पाहिला. चाकू दिसला की तू खाली ‘धूंऽऽ’ असा सूर लावतोस. चाकू दिसतोच आहे रे, त्याला सुराची गरज नाही. पण सराफ बाजारात रात्री दुकान बंद होतं, तिथे शटर खाली येण्याचा आवाज तू स्वतः उभं राहून रेकॉर्ड केलायस ना? आधी खडखडाट, मग कुलूप, मग किल्ल्यांचा जुडगा खिशात जातो. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता गोदाघाटाच्या दिशेने चालू लागतात. तुझ्या गोष्टीतला गुन्हा तिथे घडतो, आणि नेमकं तिथेच तू संगीत थांबवलंयस. तो ‘धूं’ काढून टाक. सूर द्यायचाच असेल तर या चालण्याला दे, अगदी बारीक. एकच वाद्य पुरेल. शटरला हात लावू नकोस.

आणि सिनेमा संपला तरी शेवटची नावं पुढे ढकलू नकोस. ध्वनी कोणाचा, संकलन कोणाचं, वहीत लिहून घे आणि त्यांची आणखी कामं शोध. मला असे कितीतरी सिनेमे या नावांचाच माग काढत सापडले.

रविवारी संध्याकाळी घरी ये. काकू पोहे करणार आहे. मी कॅसेट काढून ठेवतो. टेप जरा सैल झाली आहे, येताना एक पेन्सिल घेऊन ये.

तुझा,
काका