पांढरट, अर्धपारदर्शक दगड सापडलाय. क्वार्ट्झ आहे की कॅल्साइट? रंगावरून कळेल का?

रंगावरून नाही. रंग मी सगळ्यात शेवटी बघतो, कारण ही दोन्ही खनिजं शुद्ध असली की बिनरंगी असतात आणि किंचित भेसळ झाली की कुठलाही रंग घेतात. ॲमेथिस्टचा जांभळा रंगसुद्धा क्वार्ट्झमधल्या लोहाच्या अंशाचीच करामत.

आधी काठिण्य बघा. खनिजांचं काठिण्य 1 ते 10 मध्ये मांडणाऱ्या मोह्सच्या 1812 सालच्या मोजपट्टीवर कॅल्साइट 3, क्वार्ट्झ 7 आणि पोलादी चाकू साधारण साडेपाच. म्हणजे चाकूचं टोक कॅल्साइटमध्ये रुततं, क्वार्ट्झवरून घसरतं. इथे बरेच जण फसतात: क्वार्ट्झवरही एक करडी, चकचकीत रेघ उठते आणि ‘ओरखडा पडला’ असं वाटतं. ती रेघ चाकूच्या झिजलेल्या धातूची असते. ओल्या बोटाने घासा, मग नखाने चाचपा. खाच लागली तरच तो ओरखडा. आणि हे ताज्या फुटलेल्या भागावर करा, वरचा थर हवापाण्याने मऊ झालेला असू शकतो.

मग भिंगाखाली तुटलेली बाजू बघा. कॅल्साइटला तीन दिशांना उत्तम पाटन असतं, म्हणजे ठरावीक दिशांनी तो सपाट फुटतो, पण त्या दिशा काटकोनात नसतात, त्यामुळे तुकडे तिरक्या ठोकळ्यांसारखे पडतात. दगड उजेडात हळूहळू फिरवा, एका दिशेच्या सगळ्या पायऱ्या एकदम लकाकतात. क्वार्ट्झ फुटलेल्या बाटलीच्या काचेसारखा वक्र कडांनी फुटतो. स्फटिकाची मूळची सपाट बाजू म्हणजे पाटन नव्हे, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

तुकडा स्वच्छ पारदर्शक असेल तर छापील ओळीवर ठेवा. कॅल्साइटमधून अक्षरं सरळ सरळ दोन-दोन दिसतात. कॅल्साइटवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर तो लगेच फसफसतो. घरी व्हिनेगर चालेल, पण दगडाची थोडी पूड करून घ्या, आणि बुडबुडे बारीक व सावकाश येतील.

वजनाच्या अंदाजावर जाऊ नका. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत जडपणा) क्वार्ट्झचं 2.65 आणि कॅल्साइटचं 2.71, हाताला काय कळणार! कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग, हाही इथे कुचकामी, कारण दोघांचीही पूड पांढरीच. हेमॅटाइट असतं तर गोष्ट वेगळी: वरून काळं कुळकुळीत असलं तरी चिनी मातीच्या खडबडीत फरशीवर घासलं की तांबूस-तपकिरी रेघ देतं.

चाकूने ओरखडा पडतोय पण आम्लाने काहीच होत नाही, असं झालं तर फ्लोराइटचा विचार करा. नखानेच खरवडला गेला तर जिप्सम. आणि चाकू चालत नाही, पण जवळजवळ काटकोनात दोन सपाट पाटनं दिसतायत, तर तो बहुतेक फेल्स्पार.