नस मोकळी करूनही वेदना राहिली, तर शस्त्रक्रिया फसली असे समजावे का?

कोपरात दबलेली अल्नर नस (कोपरामागून करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) मोकळी करून आठ महिने झाले, तरी करंगळीतली जळजळ थांबत नाही, म्हणजे शस्त्रक्रिया फसली का, असे आपण विचारले आहे. माझी हीच शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी येथे नागपुरात झाली आणि थोडी जळजळ आजही आहे. तरी तेवढ्यावरून ती फसली असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेने नसेवरचा दाब निघतो, पण दबलेल्या काळात आतील तंतूंना झालेली इजा नस आपल्या गतीनेच भरून काढते, आणि ती गती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर असते. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून पाहा, म्हणजे आठ महिने अपुरे का पडतात ते लक्षात येईल. काहींच्या बाबतीत मात्र इजा झालेली नस पुढेही विनाकारण वेदनेचे संदेश पाठवत राहते.

डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा या जळजळीवर फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलीन देतात. यातले दुसरे मुळात नैराश्यावरचे औषध असल्याचे कळले की घरची मंडळी दचकतात, परंतु नसेच्या वेदनेवर ते कमी मात्रेत दिले जाते. प्रीगॅबालिनने गुंगी येते, आणि ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये.

मला अधिक उपयोग झाला तो स्पर्शाच्या सरावाचा. शर्टाची बाही घासली तरी करंट लागल्यासारखे व्हायचे. तेव्हा थेरपिस्टच्या सांगण्यावरून आधी कापूस, मग खरखरीत टॉवेल आणि शेवटी तुरीच्या कोरड्या डाळीत हात फिरवणे, असा क्रम रोज थोडा वेळ ठेवला. रात्री कोपर दुमडू नये म्हणून त्याभोवती टॉवेल सैलसर गुंडाळतो. थंडीत स्कूटर चालवताना हातमोजे लागतातच, आणि कूलरचा थेट झोतही मला सोसत नाही. मे महिन्यात कूलरसमोरची जागा सोडणे म्हणजे काय, ते नागपूरकरालाच कळेल.

रक्तातील साखर आणि बी-12 तपासून घ्या, कारण त्यांतील बिघाडानेही नसा दुखतात. पकड ढिली होत असेल, बधिरपणा वाढत असेल किंवा अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल जात असेल, तर वाट न पाहता सर्जनला दाखवा आणि एनसीव्ही चाचणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) पुन्हा करावी का, ते विचारा.