आधी घरचे, मग परके?

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. चर्चला नेमाने जाणारा एक कलीग लंचला म्हणाला, आधी कुटुंब, मग शेजारी, मग देश, बाहेरचे शेवटी, हे आमच्या धर्मातच आहे. खरंय का हो?

उत्तर: अर्धं खरंय ताई. हे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी टीव्हीवर सांगितलं, त्यांनी २०१९ मध्ये कॅथलिक पंथ घेतलाय, आणि प्रेमाला क्रम असतो ही कल्पना ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितांपासूनची आहे, व्हान्स यांनी काही मनाने बनवली नाही. पण त्याच अक्वायनसने असंही लिहिलंय की परका जिवावरच्या संकटात असेल आणि स्वतःच्या बापाला तेवढी नड नसेल तर आधी परक्याला मदत करावी! हे लंचला कोण सांगणार. तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी १० फेब्रुवारीला अमेरिकन बिशपांना पत्र लिहून उत्तर दिलंच, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या बायबलातल्या शोमरोनी (समॅरिटन) माणसाची गोष्ट आठवा म्हणाले. देशाला स्वतःचं रक्षण करायचा हक्क आहे हेही त्याच पत्रात आहे बरं का.

दाराशी असलेल्या बेघरांचंही तेच, शेजारी म्हणून तरी त्यांचा नंबर कुठे लागतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास गावात सार्वजनिक जागी नुसतं ब्लँकेट, उशी घेऊन झोपलं तरी दंड व्हायचा, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम चालू दिला, आणि तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या निवाऱ्यात राहायचं तर प्रार्थनेला बसणं सक्तीचं होतं. कलीगला फक्त अक्वायनसचं विचारा, तेही जेवण झाल्यावर.